वाशिमच्या विद्यार्थ्याने बल्गेरियन का शिकावी

बल्गेरियन ही सुमारे पासष्ट लाख वस्तीच्या देशाची भाषा आहे. बृहन्मुंबईत राहणाऱ्या माणसांच्या जवळपास निम्मी ही संख्या. भारतात ती विद्यापीठात शिकायची तर दिल्ली विद्यापीठाच्या स्लाव्हिक आणि फिनो-उग्रियन अभ्यास विभागाकडे वळावे लागते. तिथे रशियन, पोलिश, चेक, हंगेरियन यांच्या पंगतीत तिलाही पान मांडलेले आहे. अमरावती विद्यापीठाची पदवी घेतलेली वाशिम, मंगरूळपीर किंवा मानोऱ्याची एखादी मुलगी या विभागात जायचे म्हणाली, तर घरातून पहिला प्रश्न ‘याचा उपयोग काय?’ असाच येणार, आणि तो रास्त आहे. त्या प्रश्नाला लोक सहसा दूतावास, पर्यटन, युरोपातली नोकरी अशी उत्तरे शोधतात आणि ती तोकडी पडली की विषय मिटवतात. माझे म्हणणे असे की, या प्रश्नाचे खरे उत्तर सोफियात शोधायचे कारण नाही, ते वाशिम जिल्ह्यातच आहे. कारंजाच्या जैन भांडारांत आणि पोहरादेवीच्या परिसरातल्या तांड्यांत भाषेचे जे धन आहे, ते ओळखण्याची आणि जोखण्याची रीत बल्गेरियन जितकी नीट शिकवते, तितकी फार थोड्या भाषा शिकवतात.

आधी एक घोळ दूर करायला हवा. भाषा बोलायला शिकणे ही एक गोष्ट आणि विद्यापीठात भाषेचा अभ्यास करणे ही दुसरी. पहिलीला वर्ग लागतो, सराव लागतो आणि बोलायला माणसे लागतात. चिकाटी असेल तर ती विद्यापीठाबाहेरही साधते. दुसरीत विद्यार्थी त्या भाषेची जुनी हस्तलिखिते वाचतो, तिच्या बोली ऐकून टिपतो, तिचे व्याकरण असेच का घडले हे विचारतो आणि शेजारच्या भाषांशी ते ताडून पाहतो. या दुसऱ्या कामासाठी कोणती भाषा निवडली हे महत्त्वाचे असते, कारण काही भाषांच्या पोटात भाषाशास्त्राचे मोठे प्रश्न उघडे पडलेले असतात. बल्गेरियन त्यांतली एक आहे.

ती स्लाव्हिक कुळातली, रशियन, पोलिश आणि सर्बियनची बहीण. तरी तिच्यात त्या बहिणींत न आढळणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत. रशियन नामाला विभक्तीचे सहा प्रकार चालवते. बल्गेरियनने नामांच्या विभक्ती जवळजवळ टाकून दिल्या आणि शब्दयोगी अव्ययांवर काम भागवले. बहुतेक स्लाव्हिक भाषांना निश्चित उपपद ठाऊक नाही. बल्गेरियन ते नामाच्या शेवटी जोडते. ‘क्निगा’ म्हणजे पुस्तक आणि ‘क्निगाता’ म्हणजे ते ठरावीक पुस्तक. उपपद असे मागे लावण्याची सवय रुमानियन आणि अल्बेनियन या भाषांनाही आहे, आणि त्या दोन्ही स्लाव्हिक नाहीत. क्रियापदाचे हेत्वर्थक रूप बल्गेरियनमधून गेले, तसेच ते ग्रीकमधूनही गेले. ऐकीव गोष्ट सांगताना बल्गेरियन माणूस क्रियापदाचे रूपच बदलतो. स्वतः पाहिलेल्या प्रसंगासाठी एक रूप आणि लोकांकडून कळलेल्यासाठी दुसरे. आपण ‘तो म्हणे काल आला’ या वाक्यात ‘म्हणे’ घालून जे काम करतो, ते तिथे क्रियापदाच्या घडणीतच बसले आहे. तुर्की भाषेतही अशी सोय आहे आणि बल्गेरिया सुमारे पाचशे वर्षे उस्मानी सत्तेखाली होता, म्हणून अनेक अभ्यासक यामागे तुर्कीचा सहवास पाहतात. थोडक्यात, वंश एका कुळाचा आणि वागणूक शेजाऱ्यांची. येर्नेइ कोपितार या स्लोव्हेनियन पंडिताने १८२९ मध्येच लिहून ठेवले होते की, बाल्कनच्या या भागात भाषेचा साचा एकच आहे, भरलेला माल तेवढा तीन प्रकारचा.

या निरीक्षणाला सिद्धांताचे रूप दिले निकोलाय त्रुबेत्स्कोय या रशियन भाषाशास्त्रज्ञाने. क्रांतीनंतर देश सोडावा लागल्यावर १९२० ते १९२२ या काळात तो सोफिया विद्यापीठात शिकवत होता. ज्या भाषांचा आपसात वंशाचा संबंध नाही, किंवा दूरचाच आहे, त्याही शतकानुशतकांच्या शेजाराने एकमेकींसारख्या होतात, आणि अशा समूहाला भाषाकुळापेक्षा वेगळे नाव हवे, हा विचार त्याने १९२३ मध्ये मांडला. १९२८ मध्ये हेग शहरात भाषाशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा त्याने या समूहासाठी जर्मन संज्ञा सुचवली आणि नमुना म्हणून नेमकी बल्गेरियन पुढे केली: एका बाजूने ती स्लाव्हिक कुळाची, दुसऱ्या बाजूने ग्रीक, अल्बेनियन आणि रुमानियनसह बाल्कन भाषासंघाची. अठ्ठावीस वर्षांनी, १९५६ मध्ये, मरे एमेनो या विद्वानाने त्याच संज्ञेचा इंग्रजी पर्याय घेऊन भारत हे एक भाषाक्षेत्र आहे असे प्रतिपादन करणारा निबंध लिहिला. द्राविड, आर्य आणि मुंडा या निरनिराळ्या कुळांच्या भाषा इथे एकमेकींच्या लकबी उचलत आल्या आहेत, हे त्याने पुराव्यांनिशी दाखवले. आपल्याकडच्या भाषाभ्यासाला वळण देणारा हा निबंध ज्या कल्पनेवर उभा आहे, तिचे पहिले ठळक उदाहरण बल्गेरियन होते. हा धागा आपल्या विद्यार्थ्यांना फारसा कुणी दाखवत नाही, याचे मला वाईट वाटते.

मराठीला हा विचार परका नाही, उलट मराठीचा स्वभाव त्याशिवाय उलगडतच नाही. समोरच्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद, ‘असे म्हणून’ म्हणत दुसऱ्याचे बोलणे वाक्यात गुंफण्याची पद्धत, ‘नको’, ‘नये’, ‘नव्हे’ अशी नकाराची वेगवेगळी क्रियापदे. यांतल्या बऱ्याच गोष्टींमागे कानडी-तेलुगूचा दीर्घ शेजार असल्याचे अभ्यासक मानतात. सांगली जिल्ह्यातले कुपवाड तर जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत पोचले आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की, तिथली कानडी, मराठी आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवहारामुळे इतक्या जवळ आल्या की एकीतले वाक्य दुसरीत जवळपास शब्दाला शब्द ठेवून नेता येते. कुपवाडच्या मराठीत लिंगभेदसुद्धा कानडीच्या वळणाने जातो: माणसांपुरते पुल्लिंग-स्त्रीलिंग, बाकीचे सगळे नपुंसकलिंग. शब्दसंग्रह मात्र प्रत्येकीने आपापला राखला. कोपितारने बाल्कनबद्दल जे म्हटले, तेच दीडशे वर्षांनी सांगलीजवळच्या गावात पुन्हा सापडले.

आता वाशिमकडे येऊ. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान, देशभरच्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. या समाजाची भाषा गोरमाटी. कुणी तिला लमाणी म्हणतात, तेलंगणात लंबाडी म्हणतात. ती राजस्थानी भाषांच्या जवळची, म्हणजे आर्यकुळातली. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरणाऱ्या तांड्यांबरोबर ती महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्रात पसरली. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी ही मातृभाषा सांगणारे बत्तीस लाखांहून जास्त लोक नोंदले गेले, आणि ही संख्या हिंदीच्या रकान्यात पोटभाषा म्हणून मिळवली गेली. बल्गेरियाच्या लोकसंख्येच्या हा जवळपास निम्मा आकडा आहे. तिकडे सोफियात विज्ञान अकादमीची बल्गेरियन भाषेसाठी स्वतंत्र संस्था आहे, तिच्या बृहत्‌कोशाचा पहिला खंड १९७७ मध्ये निघाला आणि काम पुढे चालूच राहिले. गोरमाटीच्या वाट्याला काय आले? ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडातली १९०७ ची काही पाने, कर्नाटकातल्या लमाणीवर रोनाल्ड ट्रेल यांनी १९७० मध्ये लिहिलेले व्याकरण, आणि समाजातल्याच लेखक-अभ्यासकांनी पदरमोड करून जमवलेली गाणी, म्हणी, शब्दसंग्रह. या लोकांचे कष्ट मोठे आहेत. पण एकेकट्या माणसाच्या कष्टाला विद्यापीठाचा आधार मिळाला नाही, की तो माणूस थकल्यावर काम थांबते.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने गोरमाटीची स्थिती विलक्षण आहे. एकच भाषा वाशिम-यवतमाळात मराठीच्या शेजाराने, विजयपुरात कानडीच्या आणि तेलंगणात तेलुगूच्या शेजाराने शेकडो वर्षे नांदते आहे. तीन निरनिराळ्या शेजारणींनी एकाच भाषेवर काय काय परिणाम केला, हे तपासायची अशी संधी बाल्कनच्या अभ्यासकांनाही सहज मिळत नाही. मराठीतून उचललेले कोणते आणि राजस्थानातून आणलेले कोणते, हे ओळखायला मात्र डोळा तयार लागतो. उसन्या शब्दांची यादी कुणीही करील. वाक्यरचनेतली, क्रियापदाच्या रूपांतली, नकार देण्याच्या पद्धतीतली उसनवारी ओळखायची तर ती आधी दुसरीकडे, स्वच्छ आणि भरपूर तपासलेल्या उदाहरणावर पाहिलेली असावी लागते. बल्गेरियनवर दोनशे वर्षे हे काम झाले आहे. तिथे वाद झाले, चुका झाल्या, त्या दुरुस्त झाल्या, आणि तो सगळा हिशेब कागदावर उपलब्ध आहे.

इथे एक मोह टाळायला हवा. बल्गेरियात रोमा लोकांची मोठी वस्ती आहे आणि त्यांची रोमानी भाषा भारतीय आर्यकुळातली आहे, हे निर्विवाद. त्यावरून रोमा म्हणजे युरोपात गेलेले बंजाराच, असे भाषणांतून आणि लेखांतून वारंवार सांगितले जाते. भावना समजण्यासारखी आहे, पण भाषेचा पुरावा तसा नाही. राल्फ टर्नर यांनी १९२६ मध्ये ध्वनिबदलांच्या आधारे दाखवले की, रोमानीचे मूळ मध्यदेशाच्या भाषागटाशी जुळते आणि नंतर ती वायव्येकडे राहून गेल्याच्या खुणा तिच्यावर आहेत. गोरमाटीची जवळीक राजस्थानीशी आहे. दोघांची भटकंती सारखी असली म्हणून भाषेचा उगम एक ठरत नाही. बल्गेरियन आणि मराठीतल्या जुळणाऱ्या शब्दांचेही तेच. दिराला तिकडे ‘देवेर’ म्हणतात, सुनेला ‘स्नाहा’. संस्कृतातले ‘देवर’ आणि ‘स्नुषा’ आठवून मराठी विद्यार्थ्याला आनंद होणारच. तो आनंद खराच आहे, पण त्यातून फक्त कधी काळचे एक दूरचे नाते सिद्ध होते, जे युरोपातल्या जवळपास सगळ्या भाषांशी आहे. विद्यापीठातला अभ्यास नेमके हेच शिकवतो: कोणत्या साम्याला किती वजन द्यायचे.

वाशिमचे दुसरे धन कारंजात आहे. या जिल्ह्याला जुन्या लिखाणाची संगत नवी नाही. जिल्ह्याचे ठिकाण असलेले वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, आणि १९३९ मध्ये तिथे मिळालेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात, तर दानाचा तपशील प्राकृतात आहे. चौथ्या शतकातल्या राजाच्या कचेरीने एकाच लेखात दोन भाषा कामाप्रमाणे वाटून घेतल्या होत्या. कारंजात तीन दिगंबर जैन मंदिरांनी, बलात्कार गण, सेनगण आणि काष्ठासंघ यांच्या परंपरांनी, शतकानुशतके हस्तलिखिते सांभाळली. त्यांत अपभ्रंशातले ग्रंथ होते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अपभ्रंश भाषा विद्वानांना मुख्यतः हेमचंद्राच्या व्याकरणातल्या दोह्यांवरून ठाऊक होती. हेर्मान याकोबी यांनी ‘भविसत्तकहा’ छापली ती १९१८ मध्ये. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे हिरालाल जैन कारंजाच्या भांडारांकडे वळले, आणि १९३१ पासून कारंजा जैन ग्रंथमालेतून परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादिलेले ‘जसहरचरिउ’, मग हिरालाल जैन यांचे ‘सावयधम्मदोहा’, ‘णायकुमारचरिउ’, ‘पाहुडदोहा’, ‘करकंडचरिउ’ असे ग्रंथ चार वर्षांत बाहेर आले. ‘करकंडचरिउ’त तेरच्या लेण्यांचे वर्णन सापडले आणि धाराशिवच्या लेण्यांच्या इतिहासाला एक साक्षीदार मिळाला. १९४८ मध्ये गणेश वासुदेव तगारे यांनी अपभ्रंशाचे ऐतिहासिक व्याकरण लिहिले, त्यात पुष्पदंत आणि कनकामर यांच्या याच काव्यांवरून दक्षिणी अपभ्रंशाची मांडणी केली. मराठीच्या घडणीचा विचार करताना ती आजही लागते.

बल्गेरियनच्या इतिहासात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. सिरिल आणि मेथोडियस यांच्या शिष्यांना ८८६ मध्ये बोरिस राजाने आश्रय दिला, ओह्रिद आणि प्रेस्लाव्ह इथे ग्रंथलेखन फुलले, आणि पुष्पदंत मान्यखेटात काव्य रचत होता त्याच दहाव्या शतकात तिकडे जुन्या बल्गेरियनमधली हस्तलिखिते लिहिली जात होती. ती जगली मठांमुळे. अ‍ॅथॉस पर्वतावरच्या झोग्राफ मठातली पोथी एकोणिसाव्या शतकात बाहेर आली. दुसरी, सुप्रास्ल पोथी, १८२३ मध्ये पोलंडच्या बाजूला एका मठात सापडली. पण पोथी मठात असणे आणि भाषा ज्ञात होणे यांत अंतर असते. ते अंतर तुटले जुनी लिपी, व्याकरण आणि पाठभेद जाणणाऱ्या, विद्यापीठात तयार झालेल्या वाचकांमुळे. आउगुस्ट लेस्कीनचे १८७१ चे जुन्या बल्गेरियनचे पुस्तक लाइप्झिगच्या त्याच परंपरेतले. श्रद्धेने पोथी राखली, अभ्यासाने ती वाचली. कारंजातही हेच झाले, आणि भांडारांतले सगळे काम संपले आहे असे समजायचे कारण नाही.

यावर एक आक्षेप जोरदार आहे. बल्गेरियनला देश आहे, सरकार आहे, २००७ पासून ती युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे. गोरमाटीला यांतले काहीच नाही, मग तुलना कशी? पण क्रम पाहायला हवा. पैसी या भिक्षूने बल्गेरियन लोकांचा इतिहास १७६२ मध्ये लिहिला, पेटर बेरॉनचे पहिले वाचनपुस्तक १८२४ मध्ये ब्राशोव्हला छापले गेले, मिलादिनोव्ह बंधूंनी जमवलेली लोकगीते १८६१ मध्ये झाग्रेबहून निघाली, आणि आजच्या अकादमीची मूळ संस्था १८६९ मध्ये रुमानियातल्या ब्रायला गावी, परागंदा बल्गेरियनांनी स्थापली. देश मोकळा झाला १८७८ मध्ये. म्हणजे वाचनपुस्तक, गीतसंग्रह, विद्वत्संस्था आधी आणि राज्य नंतर. लिपी नाही म्हणून गोरमाटीचा अभ्यास अडतो, हेही खरे नाही. देवनागरी, तेलुगू, कानडी अशा तिन्ही लिप्यांत ती लिहिली जाते, आणि बल्गेरियनने तर आपल्या वर्णमालेतली जुनी अक्षरे १९४५ मध्ये गाळली.

नोकरीच्या आक्षेपाला गोड उत्तर नाही. केवळ बल्गेरियन येते म्हणून पोट भरेल असे कुणी सांगत असेल, तर विश्वास ठेवू नये. अनुवादाची आणि दूतावासाची कामे आहेत, पण थोडी. म्हणून ही भाषा एकटी न घेता भाषाशास्त्र, मराठी, प्राकृत किंवा रशियन यांच्या जोडीने घ्यावी. दिल्लीत ती एकेक वर्षाच्या टप्प्यांनी, प्रमाणपत्र आणि पदविका अशा पायऱ्यांनी शिकता येते, त्यामुळे मुख्य पदवी सोडावी लागत नाही. ‘आधी घरची भाषा शिका’ हा आक्षेप मला जास्त जवळचा वाटतो, तरी तो अपुरा आहे. घरच्या भाषेत आपण इतके बुडालेले असतो की तिचे नियम दिसत नाहीत. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक मराठी माणूस रोज पाळतो, पण तो फरक आहे हेच परक्या भाषेशी गाठ पडेपर्यंत लक्षात येत नाही. शिवाय हा निवडीचा प्रश्नच नाही. तांड्यात वाढलेला, गोरमाटी घरी आणि मराठी शाळेत बोललेला विद्यार्थी दोन भाषांच्या संगतीत आधीच जगलेला असतो. त्याला पद्धत मिळाली, तर बाहेरून येणाऱ्या कोणत्याही अभ्यासकापेक्षा तो पुढे जाईल, आणि त्या अभ्यासावर हक्कही आधी त्याचाच असावा.

कामाची सुरुवात कशी व्हावी हेही सांगण्यासारखे आहे. रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीला अनेक राज्यांतून बंजारा येतात. भाषाशास्त्रज्ञाला ज्या वक्त्यांसाठी तीन राज्ये फिरावी लागली असती, ते त्या दिवसांत एका गावात भेटतात. एकच ठरावीक प्रश्नावली घ्यावी, तीत ऐकीव गोष्ट सांगण्याची वाक्ये, नकाराची, ‘आपण-आम्ही’ची, उद्धृत बोलण्याची वाक्ये असावीत, आणि महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगणातल्या वक्त्यांकडून ती संमतीने ध्वनिमुद्रित करावीत, वय, तांडा, लहानपणापासून येणाऱ्या भाषा यांची नोंद ठेवावी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे असे ध्वनिमुद्रित सर्वेक्षण करून ते सर्वांसाठी खुले ठेवले आहे, म्हणून नमुना हाताशी आहे. अमरावती विद्यापीठाच्या मराठी विभागाला आणि रिद्धपूरच्या नव्या मराठी भाषा विद्यापीठाला पोहरादेवी काही तासांच्या अंतरावर आहे. प्रश्नावली आखणाऱ्या विद्यार्थ्याने क्रियापदाच्या ऐकीव रूपांचा प्रश्न त्यात घातला, तर तो बल्गेरियनमधून शिकून आलेला असेल.